आसरांच्या विहिरीवरचे जोडे

१

वैजनाथ इंगोले विहिरीत सापडला, तेव्हा त्याचे जोडे काठावर होते. टाचेला टाच लावून, देवळाबाहेर ठेवावेत तसे. एका जोड्यात गुंडाळलेला कमरेचा पट्टा, दुसऱ्यात पाकीट, आणि पाकिटावर मनगटी घड्याळ. पाकिटातल्या नोटांना कोणी हात लावलेला नव्हता. पोलिसांनी हे पाहिलं, मान हलवली आणि आत्महत्या म्हणून लिहून मोकळे झाले. जाणारा माणूस अशीच निरवानिरव करून जातो म्हणे. किती जण जाऊन परत येऊन त्यांना हे सांगून गेले होते, देव जाणे!

विहीर होती पुण्याजवळ, मांजरी गावाच्या पलीकडे, आंतरराष्ट्रीय ऊसवाण परिषदेच्या बागेत. समोरच्या काठावर, जोड्यांपासून पार पलीकडे, शेंदूर फासलेले सात दगड होते. त्या साती आसरा, पाण्यातल्या बायका. त्या रागावल्या की माणूस ओढून नेतात, असं गाव पिढ्यान्पिढ्या सांगत आला होता. त्यामुळे पोलिसांच्या कागदावर आत्महत्या आणि गावाच्या तोंडी आसरा, अशी वैजनाथची दोन्हीकडून सोय लागली. कोणी मारलं असेल, हा विचार कोणाच्या गावीही नव्हता.

हिंदुराव हरपळे फौजदार म्हणून निवृत्त होऊन बिबवेवाडीत दुसऱ्या मजल्यावर राहत. "गाडी चालू होत नाही हो," असं कोणी म्हणालं, तर "मग बंद ठेवा," असं सांगणारा हा माणूस. वैजनाथ आणि नम्रता त्यांच्या वरच्या मजल्यावरचे भाडेकरू, यवतमाळकडचे. दिवसकार्य आटोपल्यावर एका शनिवारी सकाळी नम्रता खाली आली. पोलिसांनी परत केलेली प्लास्टिकची पिशवी तिनं टीपॉयवर ठेवली आणि उभीच राहिली.

"काका, मला एकच सांगा. ते मला सोडून गेले, की त्यांना कोणी नेलं?"

हिंदुरावांच्या बायकोनं, शकूबाईंनी, तिला हाताला धरून बसवलं.

"परिषदेचे संचालक, डॉक्टर कामठे म्हणतात, ह्यांच्या डोक्यावर परिणाम झाला होता," नम्रता म्हणाली. "विहिरीतून बायका हाका मारतात, असं म्हणायचे म्हणे. काका, मी बायको ना त्यांची? मला कसं कळलं नाही? परवा, सोमवारी, दिल्लीचे लोक अनुदानाचा करार करायला येताहेत. ह्यांनी परिषदेला घातलेल्या अटी वेडाच्या भरात लिहिल्या होत्या असं म्हणून त्या काढून टाकणार आहेत. एकदा तसं झालं की मग कोण विचारणार, ते कसे गेले?"

तिनं टीपॉयवरची पिशवी जवळ ओढली. मग हळूच म्हणाली, "रोज दिवेलागणीला जिन्यात पावलं वाजतात. ओली. अनवाणी. जोडे तर ह्या पिशवीत आहेत ना. वर येतात, दारापाशी थांबतात. मी उघडत नाही. सोडून गेलात ना, मग आता कशाला येता, असं आतूनच म्हणते. तुमच्या दारावरूनच जातात काका. तुम्हाला ऐकू येत नाहीत?"

"जिना आहे. लोक येणारच," हिंदुराव म्हणाले.

शकूबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. हल्ली दिवेलागणीला हिंदुराव टीव्ही मोठ्यानं लावून बसत. का, ते त्यांनी बायकोलाही सांगितलं नव्हतं.

२

आता ही परिषद काय भानगड होती, ते आधी सांगायला हवं. साहेबाच्या काळात ऊस पिकवणाऱ्या देशांनी मिळून ती काढली. फिजी, मॉरिशस, जमैका, क्युबा, सगळ्यांनी आपापलं बेणं, म्हणजे लावणीची कांडं, दिलं आणि ते जपायला ही बाग केली. एखाद्या देशात रोगानं ऊस गेला, तर त्यानं आपलं वाण इथून परत न्यावं. कल्पना झकास. फक्त बेणं गरिबांचं आणि मतं श्रीमंतांची, असा कारभार चालला. संचालक एकदा खुर्चीत बसला की म्हातारा झाल्याशिवाय उठत नसे.

पुढं देश खुला झाला. पुण्यात ज्वारीच्या रानांत काचेच्या इमारती उगवल्या, आणि सरकारला मागणाऱ्यांच्या रांगेतून देणाऱ्यांच्या रांगेत जायची हौस आली. परिषदेला भरघोस अनुदान द्यायचं, पण घर सावरून घेतलं तरच, असं ठरलं. ते सावरायला दिल्लीनं वैजनाथला पाठवलं. त्यानं तीन अटी घातल्या. प्रत्येक देशाला एकच मत. संचालकाला ठरावीक मुदत. आणि कुठल्याही देशानं कधीही यावं, आपल्या वाफ्यातला ऊस तपासून पाहावा.

त्याच शनिवारी हिंदुराव परिषदेत पोचले, तेव्हा संचालक डॉ. रविराज कामठे स्वतः फाटकापर्यंत आला. याच गावच्या शेतकऱ्याचा मुलगा, इंग्लंडला शिकून आलेला. गावोगाव अंधश्रद्धेवर व्याख्यानं द्यायचा. भूत दाखवा आणि बक्षीस मिळवा, अशी त्याची पाटी चावडीवर अजून होती.

"फार गुणी माणूस गेला हो," रविराज म्हणाला. डोळे खरंच ओले होते. "पण मन हळवं. ह्या दगडांच्या गोष्टी ऐकल्या आणि डोक्यात घेतल्या. मी किती समजावलं!"

"विहीर बघू," हिंदुराव म्हणाले.

पुढच्या वाफ्यांवर देशोदेशींच्या नावांच्या पाट्या होत्या. कुठला ऊस जांभळा, कुठला पिवळसर, कुठला मनगटाएवढा जाड. वारं पडलेलं असूनही पाती सळसळत होती. कामाला माणूस दिसत नव्हता. त्या दिवसापासून विहिरीकडे कोणी फिरकत नाही, पंप आपोआप सुरू होतो, असं फाटकावरच्या पहारेकऱ्यानं न विचारता सांगितलं होतं.

विहिरीच्या अलीकडे एक कडुलिंब होता. तिथं रविराज बोलता बोलता थांबला. बूट काढले, हातातली बॅग मुळाशी टेकवली आणि मोज्यांनीच पुढं निघाला.

"चिखल असतो हो पुढं," तो म्हणाला.

हिंदुरावांनी खाली पाहिलं. वैशाख होता. जमिनीला बोट जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या. हिंदुरावांच्या पायात डॉक्टरांनी दिलेल्या रबरी सपाता होत्या. ते तसेच गेले.

विहिरीला त्या उन्हाळ्यातही पाणी होतं, काळंभोर. काठाला पंपाचा लोखंडी पाइप वर आला होता.

"डोक्याला मार होता म्हणे?"

"उडी मारताना आतला दगड लागला असणार. बाकी पोटात, फुप्फुसात पाणी. बुडून मृत्यू, सरळ केस," रविराज म्हणाला.

हिंदुराव वाकून पाण्यात बघत होते. पाण्यात त्यांना दोन चेहरे दिसायला हवे होते. दिसला एकच. रविराज काठापासून चार हात मागं उभा होता, आणि दगडांकडे त्याची पाठ नव्हती. देवासमोरून मागं सरतात तसा तो सरत होता.

३

परिषदेत मतदान संगणकावर घ्यायचं ठरलं होतं. त्याचा प्रोग्रॅम लिहिणारा आनंद गावंडे हा अकोल्याचा पोरगा. त्याच्या खोलीत एसी एवढा होता, की हिंदुरावांना मफलर आठवला.

"तुमचं नि वैजनाथचं भांडण झालं होतं?"

"झालं ना सर. ऑब्व्हियसली झालं," आनंद म्हणाला. "मी सहा महिने कोड लिहिला, आणि हे म्हणतात, सरकारी पैसा आहे, टेंडर निघेल. सिस्टिम सुधारायला निघाले अन् पहिला मीच आऊट! मी ओरडलो. पण मारेन काय त्यांना? आमच्याकडचा माणूस होता तो. वहिनी डबा पाठवायच्या मला."

"चला, विहिरीवर जाऊ."

आनंद कुरकुरत आला. कडुलिंबापाशी न थांबता चामडी बूट घालूनच पुढं गेला, आणि लॅपटॉपची जाडजूड चामडी बॅग त्यानं खुशाल एका शेंदरी दगडावर टेकवली.

"हे काय आहे, माहीत आहे?" हिंदुरावांनी विचारलं.

"काहीतरी लोकल देव असेल. सॉरी, उचलू काय?"

"राहू द्या. शेवटच्या दिवसांत वैजनाथ कसा वागत होता?"

आनंद जरा घुटमळला. "थोडा विअर्डच. दिवसभर ऊस खायचा. खरंच सर! मागच्या वाफ्यांतून कांडं तोडून आणायचा अन् माझ्या टेबलावर बसून चघळायचा. एकदा म्हणाला, 'आनंद, फिजी अन् मॉरिशस सारखंच लागते रे!' मी म्हटलं, साखर गोडच लागणार ना. तर हसला नाही."

हिंदुराव तडक मागच्या वाफ्यांत गेले. पाट्या इथंही होत्या, रंगवलेल्या, झळझळीत. फिजीच्या वाफ्यातलं कांडं त्यांनी गुडघ्यावर मोडलं, दातानं सोललं, चघळलं. मग जमैकाचं. मग क्युबाचं. उसातच वाढलेला माणूस तो, त्याच्या जिभेला खोटं सांगता येत नव्हतं. क्युबाच्या उसात हिंदुरावांना त्यांचं लहानपण लागलं. तो ऊस त्यांच्या बापाच्या रानात व्हायचा तोच, इथला होता.

नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा! हिंदुराव तोंडातला चोथा थुंकले, तेव्हा त्यांच्या मागं, अगदी कानाशी, काकणं वाजल्यासारखी वाजली. त्यांनी वळून पाहिलं. पाती होती. पातीच असणार, असं त्यांनी स्वतःला बजावलं आणि जरा भरभर चालू लागले.

४

हिंमतराव कुंजीर, हिंदुरावांच्या जुन्या ओळखीचा, विहिरीवरच भेटला. परिषदेच्या कुंपणाला लागून त्याचं रान होतं. आता रान कुठलं, तिथं इमारतींचे पाये खणले होते. अनुदान मिळालं की बाग वाढवायची आणि त्याची जागा त्यात घ्यायची, असा वैजनाथचा बेत असल्याची कुणकुण होती. म्हणजे वैजनाथ मेल्यानं ज्याचं उघड भलं होत होतं, असा हा एकच माणूस.

तो एका शेंदरी दगडाला पाठ टेकून, चामडी बुटातला पाय शेजारच्या दगडावर ठेवून, मोबाइलवर बोलत होता. येणाऱ्या फोनला पैसे पडणं नुकतंच बंद झालं होतं, त्यामुळे हिंमतराव सगळ्यांना मिस कॉल देई आणि त्यांच्या पैशानं बोले.

"या हिंदुराव! काय म्हन्ता बिबीवाडी?"

"तुमची स्कीम काय म्हणते? नाव काय ठेवलंय?"

"आसरा रेसिडेन्सी!" हिंमतराव खुशीत म्हणाला. "पन गिऱ्हाईक भितंय. रखवालदार टिकंना. बायका रडत्यात म्हनं हिरीत. मी तर म्हन्तो, बुजवा ही हीर, टाका वर पार्किंग."

"देवाच्या दगडावर बूट ठेवलेत, हिंमतराव."

"अवो, कसला देव! आमच्या आज्यानं लई लाड केलं ह्यांचं. ह्या हिरीवर कातड्याची मोट कधी लावू दिली न्हाई. लोखंडी मोट! बैलं मरायची वढून. का, तर आसरांना कातडं चालत न्हाई. चाबूकसुदिक त्या लिंबाखाली ठेवून यायचं. येड्याचा बाजार!"

"वैजनाथ मेला, त्याचा तुम्हाला फायदाच झाला."

"झाला की. खोटं कशाला बोलू? पन त्याच सांजंला मी आळंदी रोडला, इश्रांतवाडीत पावन्याच्या लग्नात जेवत हुतो. पाचशे मान्सं साक्षीला हायती, मोजून घ्या." तो डोळे मिचकावून हसला. "आमचं नि रविराजचं बरंय. त्याची अडचन आमी भागीवली, आमची तो भागवंल."

"कसली अडचण?"

"मागं उसावर तांबेरा का काय रोग पडला न्हाई का? पार मागलं वाफं रिकामं झालं त्येचं. आमच्या रानातलं बेनं दिलं की मी, दोन ट्रॉल्या. म्हनला, तुलना कराय पायजेल. आपल्याला काय, आपुन बेनं दिलं, गप बसलो."

हिंमतरावला आपण काय बोलून गेलो, ते कळलंच नाही. फोन वाजला आणि तो पुन्हा बोलू लागला. हिंदुराव दगडांकडे बघत उभे राहिले. बागेतल्या मागच्या वाफ्यांत देशोदेशींची नावं उभी होती, आणि त्या नावांखालचं वाण कधीच मरून गेलं होतं. ते मेल्याचं त्या देशांना कोणी कळवलंही नव्हतं. एवढ्या उन्हात त्यांच्या अंगावर काटा आला.

रविराज मारील का? कारण तर होतं. पण कारण म्हणजे पुरावा नव्हे, हे नोकरीत हिंदुरावांनी दुसऱ्यांना इतकं ऐकवलं होतं, की आता स्वतःला ऐकवणं भाग होतं.

५

रविवारी दुपारी हिंदुराव वरच्या मजल्यावर गेले. नम्रतानं पिशवीतल्या वस्तू सतरंजीवर मांडल्या. जोडे, पट्टा, पाकीट, घड्याळ. वैजनाथच्या अंगावर सापडलेल्या वस्तूंची दुसरी पुडी होती. तीत किल्ल्या, पेन, रुमाल आणि पाण्यानं बंद पडलेला नवा मोबाइल.

"हा खिशातच होता?"

"हो. मागच्याच महिन्यात घेतला. फार जपायचे त्याला. पावसात पिशवीत गुंडाळीन, म्हणायचे." ती मोबाइलवरून बोट फिरवत राहिली. "काका, मी भांडते त्यांच्याशी मनातल्या मनात. माझ्यासाठी घड्याळ काढून ठेवलंत, मग स्वतः कसे हो गेलात?"

हिंदुरावांनी पट्टा हातात घेऊन नाकाशी नेला. मग घड्याळ उचललं. चामडी पट्ट्याचं. मग पाकीट. मग जोडे.

"नम्रता, त्या दगडांबद्दल घरी कधी बोलला होता का तो?"

"एकदा विचारलं होतं. विहिरीवर ते सात दगड कशाचे गं, म्हणून. मलाही माहीत नव्हतं. मी म्हटलं, मैलाचे असतील." ती रडता रडता हसली. "तेच ना, काका! ज्यांना दगड कसले ते ठाऊक नाही, त्यांना त्यातल्या बायका हाका मारतील कशा?"

"विहिरीवर जाताना जोडे काढायचा?"

"छे हो. फोटो आहे माझ्याकडे. जोडे घालून, त्याच दगडांपाशी उभे आहेत, पाकीट खिशात फुगलेलं. मी चिडवलं होतं त्यावरून."

बाहेर ऊन कलत होतं. खाली जिन्यात काहीतरी ओलं ओलं आपटल्यासारखं झालं आणि थांबलं. नम्रताचा चेहरा पांढराफटक पडला. दिवेलागणीला अजून बराच अवकाश होता.

हिंदुराव उठले. "उद्या सकाळी ही पिशवी घेऊन माझ्याबरोबर ये. दिल्लीच्या लोकांच्या आधी पोचू. आणि पोरी, घाबरू नकोस. जे चाललंय, ते आपल्याला घाई करायला सांगतंय."

हे आपण काय बोललो, याचं हिंदुरावांनाच नवल वाटलं. ते भुताखेतांवर विश्वास ठेवत नसत.

६

सोमवारी सकाळी विहिरीवर पाच जण जमले. रविराज, आनंद, हिंमतराव, नम्रता आणि हिंदुराव. स्थानिक ठाण्याचा फौजदार हिंदुरावांच्या हाताखाली शिकलेला. तो कडुलिंबाखाली सावलीला उभा राहिला. रविराजचे बूट आणि बॅग त्याच्याच पायाशी होती.

"आटपा हो, दिल्लीची मंडळी फाटकावर येतील," रविराज म्हणाला.

"आटपतोच. फक्त एक काम आहे." हिंदुरावांनी पिशवीतून जोडे काढले आणि त्याच्यापुढं धरले. "डॉक्टर, हे जरा त्या दगडांवर ठेवा."

"कशासाठी?"

"दगडच आहेत ते. तुम्हीच व्याख्यानात सांगता."

रविराज हसला. जोडे त्यानं हातात घेतले. दोन पावलं टाकली. तिसरं पाऊल पडेना. कपाळावर घाम आला, कानशिलावरून गळ्यात उतरला. जोडे धरलेला हात आपोआप पाठीमागं गेला.

"आना हिकडं, मी ठिवतो," हिंमतराव म्हणाला.

"तुम्ही ठेवाल. आनंदही ठेवेल. म्हणून तुम्ही दोघं सुटलात," हिंदुराव म्हणाले. "पोलिसांनी पाहिलं, काठावर माणसाच्या वस्तू आहेत. मीही तेच पाहिलं. पण जीव द्यायला निघालेला माणूस पट्टा काढील, पाकीट काढील आणि जिवापाड जपलेला मोबाइल तेवढा खिशात ठेवून उडी मारील? काढलं ते सगळं चामड्याचं, बघा. अंगावर राहिलं, त्यात चामडं एवढंसंही नाही. आसरांना चामडं चालत नाही. वैजनाथला हे माहीत नव्हतं. आनंदलाही नाही. हिंमतरावांना माहीत आहे, पण ते दगडावर बूट टेकतात. उरलं कोण? वैशाखात चिखल लागतो म्हणून लिंबाखाली बूट काढणारा माणूस उरला. मागच्या वाफ्यांत हिंमतरावांचं बेणं लावून त्यावर फिजी आणि क्युबाच्या पाट्या ठोकणारा. वैजनाथनं ते ओळखलं, आणि त्याच्या तिसऱ्या अटीनं ते सगळ्या जगाला कळणार होतं. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं का, डॉक्टर?"

रविराज खाली बसला. जोडे त्यानं मांडीवर घेतले होते, जमिनीवर ठेवायचीही त्याची हिंमत होत नव्हती.

"माझ्या आधीची तीन भावंडं गेली," तो म्हणाला. "आईनं इथं नवस केला, मग मी राहिलो. दर अमावास्येला ती दहीभात आणायची. मी इंग्लंडला गेलो, व्याख्यानं दिली. पण इथं आलो की मला सात वर्षांचा झाल्यासारखं वाटतं." मग आवाज आणखी खाली गेला. "मी मारायला नव्हतो आलो हो. रोगानं वाफे गेले, तेव्हाच सांगायला हवं होतं. लाज वाटली. तो म्हणाला, फिजीचा माणूस बोलावतो. मी ढकललं. पाइपावर डोकं आपटलं. हलेना. मला वाटलं, संपला."

"आणि विहिरीत टाकायच्या आधी पट्टा सोडलात."

"आसरांना चामडं चालत नाही, काका," रविराज लहान पोरासारखा म्हणाला.

"आणि माणूस चालतो?"

हिंदुरावांचा आवाज पुढं चढला नाही, उलट उतरला.

"फुप्फुसात पाणी होतं, डॉक्टर. तुम्हीच मला सांगितलंत. मेलेला माणूस पाणी ओढत नाही. तुम्ही जोड्यांच्या नाड्या सोडत होतात, घड्याळ काढत होतात, टाचा जुळवत होतात, तेव्हा तो श्वास घेत होता. तेवढ्या वेळात गाडी हडपसरच्या दवाखान्यात पोचली असती."

विहिरीत पाणी डुचमळलं. वारा नव्हता. हिंमतराव मुकाट्यानं दगडांपासून दूर झाला आणि आयुष्यात पहिल्यांदा कोणी न सांगता त्यानं बूट काढले.

नम्रता पुढं आली. तिनं रविराजच्या मांडीवरचे जोडे घेतले.

"ते शेवटचं काय बोलले?"

रविराजनं वर पाहिलं नाही. "म्हणाला, उद्या बोलू डॉक्टर. नमू वाट बघत असेल. असं म्हणून वळला होता तो. मी पाठीमागून..."

नम्रतानं जोडे छातीशी धरले. आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती मोठ्यानं, मोकळं रडली.

७

करार त्या दिवशी झाला नाही. महिन्याभरानं झाला, आणि तिन्ही अटींसकट झाला. फिजीचा माणूस आला, आपल्या रिकाम्या वाफ्यापाशी बराच वेळ उभा राहिला आणि नवं बेणं पाठवतो म्हणाला. काही देशांकडेही त्यांचं जुनं वाण उरलं नव्हतं. ते गेलं ते गेलंच.

पण हे पुढचं. त्या सोमवारी संध्याकाळी हिंदुराव घरी खुर्चीत बसले होते. टीव्हीवर बातम्या होत्या. दिवेलागण झाली, शकूबाईंनी देवापाशी निरांजन लावलं, आणि सवयीनं नवऱ्याकडे पाहिलं. हा माणूस आता आवाज वाढवणार.

हिंदुरावांनी टीव्ही बंद केला.

"का हो? बिघडला का?"

"गप बस जरा."

खालून पावलं येत होती. ओली, अनवाणी, दमलेल्या माणसाची. ती पहिल्या मजल्यावर आली, वळली, हिंदुरावांच्या दारावरून गेली. दाराखालच्या फटीतून विहिरीच्या पाण्याचा गार वास आत आला. शकूबाईंनी नवऱ्याचा हात घट्ट धरला. पावलं वर गेली आणि रोजच्यासारखी थांबली.

वर कडी निघाल्याचा आवाज झाला. मग नम्रताचा, अगदी साधा, रोजचा.

"या. केवढा उशीर केलात!"

पावलं उंबरठ्याच्या आत गेली आणि दार लागलं.

"अहो, कोण आलं?" शकूबाईंनी कुजबुजत विचारलं.

हिंदुरावांनी डोळे पुसले. "वैजनाथ," ते म्हणाले. "घरी आला."